पाच घाव

त्याचा मेहुणा कुबडी टेकत अंगणात आला तेव्हा तो जुन्या बादलीला कडी बसवत होता. खरं तर बादलीला कडी होतीच. पण हात रिकामे राहिले की त्याला चैन पडायचं नाही, म्हणून त्यानं ती सकाळी काढली होती आणि आता परत बसवत होता.

"भावजी, बसू का?"

"बस की. विचारतोस काय?"

मेहुणा खाटेवर बसला. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता, पँट तिथं दुमडून टाचलेली होती. त्यानं कुबडी भिंतीला लावली आणि ती घसरून पडली. दोघांनी तिच्याकडे पाहिलं, पण उचलली कुणीच नाही. मग लेक घरातून आली आणि तिनं ती उभी केली.

"मामा, चहा टाकू?"

"टाक. तुझी आई उकळायची तसा काढा करू नको."

बोलून गेल्यावर मेहुण्यानं जीभ चावली. तिला जाऊन पाच महिने झाले होते. तिच्या चपला अजून दाराआड होत्या. लेक रोज त्या उचलून झाडायची आणि परत तिथंच ठेवायची.

"सात विहिरी घेतल्यात यंदा," मेहुणा म्हणाला. "सगळ्यांचं पाणी तळाला गेलंय. जो तो म्हणतो माझी आधी खोल करा. माणसं आहेत, पहारी आहेत, दगड-माती वर ओढायला यारी आहे. ब्रेकवर बसायला कुणी नाही. होता तो शहरात पळाला." मग जरा थांबून, "तुम्ही सोडलीय म्हणे."

"पाच महिने झाले."

मेहुण्यानं दाराकडे तोंड करून आवाज दिला, "खरं का गं पोरी?"

आतून उत्तर आलं, "खरं, मामा. मी रोज वास घेते."

त्यानं मान खाली घातली आणि कडीत बोट चेमटवून घेतलं.

"मग गुरुवारपासून या," मेहुणा म्हणाला. "ब्रेकवर तुमच्यासारखा पाय कुणाचा नाही. त्या दिवशी खीळच तुटली, त्याला तुम्ही तरी काय करणार? केलं ते त्या लोहारानं केलं. ताई जाईपर्यंत तेच म्हणत होती. कधी कुणाला वाईट बोलली नाही, पण त्याला मात्र शिव्या घालत गेली."

लेक चहा घेऊन आली. तिच्या चेहऱ्यावर पाच महिन्यांत नव्हतं ते हसू होतं. "बाबा, तुमचा तो जाड बूट मी तेल लावून ठेवते," ती म्हणाली.

त्याच्या बोटातून रक्त येत होतं. त्यानं ते तोंडात घातलं, म्हणजे बोलावं लागलं नाही.

*

बुधवारी पाचला दारू सोडणाऱ्यांची बैठक असायची, गुरांच्या दवाखान्यात. माणसांच्या दवाखान्यात जागा नव्हती आणि शाळेनं मागेच नकार दिला होता, पोरांच्या बाकांवर दारुडे नकोत म्हणून. नकाराच्या कागदावर सही करणारा मास्तर आता निवृत्त होऊन स्वतःच इथल्या खुर्चीवर बसत होता. गुरांना बांधून सुई टोचायचा लोखंडी खोडा बाहेर होता. "आपल्यालाही आधी त्यात अडकवायला पाहिजे, मग आत घ्यायला पाहिजे," असं मास्तर दर बुधवारी म्हणायचा आणि एकटाच हसायचा.

खोलीत औषधांचा आणि शेणाचा वास. आठ प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या. बैठक घेणाऱ्या नर्सबाईंनी ठरवून दिलं होतं, की खोलीची चावी ज्याच्या हातात, त्यानं बोलायचं. बाकीच्यांनी ऐकायचं. मध्ये तोंड घालायचं नाही, शहाणपण शिकवायचं नाही आणि इथलं बोलणं इथंच ठेवून जायचं. चावीला लाकडाचा ठोकळा बांधलेला होता. हातांच्या घामानं तो काळा पडला होता.

पाच महिने चावी यारीवाल्याकडे आली की तो म्हणायचा, "या आठवड्यात ठीक आहे," आणि ठोकळा पुढं सरकवायचा. बाईंनी कधी जोर केला नाही. त्याचा उजवा पाय मात्र खुर्चीखाली सारखा हलायचा, टाच वर, टाच खाली, ब्रेक दाबल्यासारखा. शेजारचा ट्रकड्रायव्हर एकदा म्हणाला होता, "यारीवाले, गाडी लावा की आता एका बाजूला."

त्या बुधवारी बाईंबरोबर एक नवा माणूस आत आला. आधी यारीवाल्यानं ओळखलं नाही. अंगानं निम्मा झाला होता. पण मनगटापासून कोपरापर्यंत ठिणग्यांचे पांढरे डाग दिसले आणि त्यानं खुर्ची मागं सरकवली. लोहार. शेजारच्याच गावचा, पण अपघातानंतर दीड वर्षात तोंड दाखवलं नव्हतं. त्यालाही बरंच वाटलं होतं ते.

चावी फिरत लोहाराकडे गेली.

"मी लोहार," तो म्हणाला. "म्हणजे होतो. आता माझ्या भात्यावर कोंबडी अंडी घालते." कुणीतरी हसलं. लोहारही हसायला गेला, पण जमलं नाही. "मी प्यायचो आधीपासून. खोटं कशाला बोलू? पण हात चालायचा. मग यांच्या यारीची खीळ केली मी. बकेट विहिरीत मध्येच थांबवली की तार गुंडाळलेला ढोल उलटा फिरू नये म्हणून घालतात ती. तापवलेली खीळ तेलात बुडवायची असते. पाण्यात बुडवली की कडक होते, पण ठिसूळ. माझ्याकडे तेलाचा डबा आणि पाण्याची बादली शेजारी शेजारी. त्या दिवशी मी भरपूर घेतली होती. कशात बुडवली ते मला अजून आठवत नाही. झोपेतून उठून उठून आठवलंय, पण आठवत नाही. पुढं खीळ तुटली आणि भरलेली बकेट एका माणसाच्या पायावर गेली. तुटली म्हणजे पाण्यातच बुडवली असणार."

तो उठला. चावी हातात तशीच. गोल ओलांडून यारीवाल्यापुढं येऊन उभा राहिला आणि त्यानं हात जोडले. ठोकळा दोन तळव्यांच्या मध्ये अडकला.

"तुमच्या हाताखाली तुमच्याच मेहुण्याचा पाय गेला, तो माझ्यापायी. यायचं धाडस झालं नाही. माफ करा."

सगळे यारीवाल्याकडे बघत होते. मास्तर, ड्रायव्हर, सगळे. त्याची टाच थांबली.

"जाऊ दे," तो म्हणाला.

लोहार तिथंच खाली बसला आणि रडायला लागला. ओझं उतरल्यावर हमाल बसतो तसा. मास्तरनं चष्मा पुसला. बाई मात्र लोहाराकडे बघत नव्हत्या. त्या यारीवाल्याच्या थांबलेल्या पायाकडे बघत होत्या.

परत येताना तो स्वतःच्या घरावरून दोनदा पुढं गेला.

*

गुरुवारी कामाला सुरुवात झाली. विहीर पन्नास फूट, अजून पंधरा उतरायची होती. खाली चार माणसं पहारींनी मांजऱ्या दगड फोडत होती, वर यारीचं डिझेल इंजिन ढुगढुगत होतं. मेहुणा काठावर छत्रीच्या सावलीत खुर्ची टाकून बसला होता आणि वाकून खाली बघत, हातानं खुणा करत होता. लेक मातीच्या ढिगावर फावडं घेऊन उभी होती. बकेट रिकामी झाली की ती दगड सारखे करायची.

यारीवाल्यानं पाय ब्रेकवर ठेवला आणि अंगाला सगळं आठवलं. तार किती ताणली आहे ते टाचेला कळायचं. बकेट काठाला न आपटता वर यायची. दुपारपर्यंत खालची माणसं खुशीत आली. एकजण वरती येऊन पाणी पिता पिता म्हणाला, "भावजी, तुम्ही पाळणा हलवल्यासारखी सोडता हो. झोप येते."

पण बकेट कुठं जराही थांबली की तो खीळ घालायचा. गरज नसताना घालायचा. घातलेली परत चाचपून बघायचा. नवी खीळ शहरातल्या वेल्डरकडून आणली होती. ती साखळीनं यारीच्या खांबाला टांगलेली असायची, जुनी टांगलेली असायची तशीच. जेवायला उठतानाही त्यानं ती घातली तेव्हा पोरं हसली.

"भावजी, भाजीत मीठ कमी पडलं तरी खीळ घालाल तुम्ही!"

"हसू नका रे," मेहुणा म्हणाला. "एकदा पोळलंय त्यांना."

यारीवाल्यानं भरलेला डबा तसाच लेकीकडे सरकवला. ती म्हणाली, "बाबा, अंगात ताप आहे का?" आणि कपाळाला हात लावायच्या निमित्तानं तिनं वास घेतला. त्याला ते कळलं. तिलाही कळलं की त्याला कळलं.

सोमवारी दुपारी लोहार विहिरीवर आला. दाढी केलेली, सदरा धुतलेला. हातात लोहाराचा लहान हातोडा. खुर्चीपासून दहा पावलांवर थांबला.

"मुकादम, पहारी बोथट झाल्या असतील. धार लावून देतो. काही देऊ नका. भाता पेटवायला निमित्त हवंय."

मेहुण्यानं मान वळवली.

"तुला इथवर यायला पाय आहेत दोन," मेहुणा म्हणाला. "म्हणून आलास."

"यांनी मला माफ केलं," लोहारानं यारीकडे बोट केलं. "सगळ्यांसमोर."

"केलं असेल. त्यांचा पाय नव्हता तो." मेहुण्यानं कुबडी उचलून तिचं टोक लोहाराच्या छातीवर टेकवलं, हळूच, दार लोटावं तसं. "चालता हो. परत या विहिरीपाशी दिसलास, तर पोरांना सांगून खाली टाकीन."

लोहारानं यारीवाल्याकडे पाहिलं. काहीतरी बोलेल म्हणून वाट बघितली. यारीवाल्याचा पाय ब्रेकवर होता, बकेट अर्ध्यावर होती, तिच्याकडे बघत राहणं हे त्याचं कामच होतं. तो बकेटकडे बघत राहिला.

लोहार गेला. ढिगावरून लेक म्हणाली, "बरं झालं. आई असती तर हेच बोलली असती."

*

बुधवारी लोहार बैठकीला आला, पण पिऊन आला होता. वासानं खोली भरली. ड्रायव्हरनं खुर्ची जरा लांब ओढली. बाई म्हणाल्या, "बसू द्या. आलाय ना? बसू द्या."

यारीवाल्यानं पहिल्यांदाच चावीसाठी स्वतःहून हात पुढं केला. ठोकळा हातात आला. तो उभा राहिला. बसला. परत उभा राहिला.

"खीळ घातलीच नव्हती," तो म्हणाला.

कुणाला काही कळलं नाही.

"त्या दिवशी. खालून खूण आली, थांबा. मी बकेट मध्येच थांबवली. आधी खीळ घालायची, मग दुसरीकडे हात. माझ्या हातात बाटली होती. म्हटलं, एवढं काय, पाय आहे ब्रेकवर. आणि पाय घसरला. बकेट गेली. माणसं काठाकडे धावली. खीळ तिथंच साखळीला टांगलेली होती, धडधाकट. मी ती सोडली, दगडावर ठेवली, घण घेतला आणि फोडली. तुकडे ढोलापाशी टाकले. मग ओरडलो, खीळ तुटली. सगळ्यांना तेच सांगितलं. बायकोलाही तेच."

बाहेर खोड्याला बांधलेली एक म्हैस हंबरली. लोहार पुढं वाकून बसला होता. डोळे तांबडे, पण आता एकदम जागे.

"किती घाव?" त्यानं विचारलं. चावी त्याच्या हातात नव्हती, पण त्याला कुणी अडवलं नाही.

"काय?"

"खीळ फोडायला. किती घाव घातले?"

"पाच."

"मोठ्या घणाचे? दगडावर ठेवून?"

"हो. पाच."

"पाच घाव खाल्ले तिनं," लोहार म्हणाला. त्यानं आपले दोन्ही हात पालथे करून पाहिले, सुलटे करून पाहिले. "पाण्यातली असती तर पहिल्याच घावाला काचेसारखी गेली असती. म्हणजे मी तेलातच बुडवली होती. एवढी ढोसून पण तेलातच." तो हसायला लागला, आणि ते हसणं ऐकवेना. मग एकाएकी थांबला. "मग आता? बाई, इथलं इथंच ठेवायचं ना? म्हणजे ही भिंत ओलांडली की मी परत तोच. ज्यानं खीळ बिघडवली तो."

"नियम आहे," ड्रायव्हर पुटपुटला.

"तुमच्या नियमाला काय चाटू?" लोहार उठला. यारीवाल्यापाशी येऊन थांबला. मारील असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. "तुम्ही मला म्हणालात, जाऊ दे," तो म्हणाला. "मी तुमच्या पाया पडायचा बाकी होतो, आणि तुम्ही म्हणालात जाऊ दे."

तो निघून गेला. बैठक मोडली. खुर्च्या एकात एक घालताना बाई यारीवाल्याला म्हणाल्या, "ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही, हा नियम ऐकणाऱ्यांना आहे. ज्याचं आहे त्याला कुणी बांधलेलं नाही."

"ब्रेकवरची जागा जाईल माझी, बाई. लेक तोंड बघणार नाही."

"हो," बाई म्हणाल्या. "तसं होईल कदाचित." आणि त्यांनी चावीसाठी हात पुढं केला. तो ठोकळा अजून मुठीत धरून उभा होता.

*

सकाळी तो सगळ्यांच्या आधी विहिरीवर गेला. इंजिनात डिझेल घातलं, तारेला ग्रीस लावलं, लावलेलं पुसलं, परत लावलं. मेहुणा आला, खुर्चीवर बसला, कुबडी पडली. यारीवाल्यानं ती उचलली आणि हातातच धरली.

"इंजिन चालू करा," मेहुणा म्हणाला.

"आधी ऐक."

त्यानं सांगितलं. कालच्यासारखंच, तेच शब्द. लेक ढिगावरून खाली उतरून आली होती, फावडं हातात. खाली उतरायला निघालेली माणसं काठावर थांबली. सांगताना तो मेहुण्याच्या दुमडलेल्या पँटकडे बघत होता.

मेहुण्यानं वाकून विहिरीत पाहिलं.

"मला घाव ऐकू आले होते," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "खाली. मी बकेटखाली होतो. वरून ठण, ठण आवाज आला. मी पोरांना म्हटलं, भावजी यारी दुरुस्त करतायत. आत्ता वर घेतील मला." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "मी मोजत होतो ते घाव. तेवढाच धीर होता."

यारीवाला उभाच राहिला. बसायचा हक्क नाही असं त्याला वाटलं.

"ताईला माहीत होतं?"

"नाही."

"म्हणजे ती खोट्या शिव्या देत गेली."

"हो."

लेकीनं फावडं खाली टाकलं. दगडावर पडून ते वाजलं. ती घराच्या वाटेला लागली, चालता चालता पळायलाच लागली. त्यानं हाक मारली नाही.

"कुबडी द्या माझी," मेहुणा म्हणाला. "आणि जा."

पाच दिवस यारीवाला घरात बसला. बसला म्हणजे उभा राहिला, चालला, चौकटीचे खिळे उपटून परत ठोकले. लेक त्याचं ताट वाढायची, त्याच्यासमोर ठेवायची आणि आत जाऊन एकटी जेवायची. आता ती वास घेत नव्हती. त्याचंच त्याला जास्त लागलं. एकदा गुत्त्याच्या वळणापर्यंत जाऊन त्यानं तिथल्या दगडावर पाय आपटला आणि लंगडत परत आला. तिसऱ्या दिवशी दाराआडच्या चपला झाडलेल्या नव्हत्या. त्यानं त्या उचलल्या, झाडल्या, जागेवर ठेवल्या. मागं लेक उभी होती. ती बघत राहिली. त्या दिवशी तिनं स्वतःचं ताट बाहेर आणलं.

बुधवारी सकाळी मेहुण्याचा निरोप आला. विहिरीवर या.

तो गेला तेव्हा यारीजवळ लोहार उभा होता, हातात नवी खीळ. अजून निळसर, तेलाचा वास येणारी. मेहुण्यानं ती दोन बोटांत फिरवून पाहिली आणि साखळीला अडकवली. वेल्डरची काढून फेकून दिली. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, पण एका छत्रीखाली होते. काठाला धार लावलेल्या सहा पहारी ओळीनं टेकवलेल्या होत्या.

ब्रेकवर दुसराच माणूस बसला होता, नवशिका, ओठ घट्ट मिटलेला.

"खाली माणूस कमी आहे," मेहुणा यारीवाल्याकडे न बघता म्हणाला. "उतरा. बकेटमध्ये बसा."

तो बसला. लोखंड गार होतं. ढोल फिरला, काठ वर गेला, उजेडाचा गोल लहान होत गेला. भिंतीतून पाणी पाझरत होतं, त्याच्या मानेवर पडत होतं. अर्ध्यावर आल्यावर बकेट थांबली. खालून कुणी खूण केली नव्हती. त्याला उंची ओळखू आली. त्या दिवशी एवढ्यावरूनच गेली होती बकेट.

तो तारेला धरून लोंबत राहिला. पायाखाली पंचवीस फूट, त्याखाली दगड. उजवी टाच आपोआप दाबली गेली, बकेटच्या तळावर, जिथं कुठलाच ब्रेक नव्हता. मग काठावर एक डोकं आलं, आणि शेजारी कुबडीचं टोक. तोंड दिसत नव्हतं, मागून ऊन होतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. त्यानं हाक मारली नाही. हाक मारण्यासारखं त्याच्याजवळ काही नव्हतं.

वरून आवाज आला, खट्. खीळ बसल्याचा.

डोकं अजून थोडा वेळ तिथंच होतं. मग मेहुण्याचा आवाज विहिरीत घुमत आला, "काढ खीळ. सोड सावकाश."

बकेट खाली टेकली. माणसांनी त्याला जागा करून दिली. त्यानं पहार उचलली. टोक चकचकीत होतं, पहिल्याच घावाला दगडात शिरलं. दुसरा घातला. तिसरा. दगड फुटत होता. चौथ्याला तो थांबला आणि मान वर करून ओरडला,

"मुकादम! आज बुधवार आहे. पाचच्या आधी वर घ्या मला!"

इंजिन ढुगढुगत राहिलं. मग वरून आवाज आला, पण तो मेहुण्याचा नव्हता, लोहाराचा होता.

"घेतील! मलाही जायचंय!"